प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : प्रोसेसरची राखीव रजिस्टरं आणि तुमचा प्रोग्राम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हल्याळ... या वेळच्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच आहे. प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो, पण प्रोसेसरच्या एखाद्या आतल्या सोयीला हात लावला की तिथंच मरतो. म्हणून ही सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं लिनक्ससाठी आहेत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी साठवण, एवढं लक्षात ठेवावं. कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं इथं देवनागरीत छापली आहेत; टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरावं.

प्रश्न : सॉर्टिंगच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. प्रोसेसरचं घड्याळ वाचणारी आरडीटीएससी इन्स्ट्रक्शन चालते, पण आकडे दर वेळी वेगळे येतात. आतले मोजणी-काउंटर वाचणारी आरडीपीएमसी वापरून बघितली तर सेगमेंटेशन फॉल्ट. दोन्ही मोजणीच्याच इन्स्ट्रक्शन्स, मग एकीला मुभा आणि दुसरीला बंदी का?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नियंत्रण दोन्हींवर आहे, फक्त त्यांचे बिट वेगळे आहेत. एक्स८६ प्रोसेसरच्या सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमध्ये टीएसडी हा बिट २ लावला तर रिंग ३ मधून, म्हणजे साध्या प्रोग्राममधून, आरडीटीएससी बंद होते. लिनक्स तो सहसा लावत नाही. पीसीई हा बिट ८ उलट्या चालीचा आहे. तो लावला असेल तरच आरडीपीएमसी चालते, आणि मागितल्याशिवाय लिनक्स तो लावत नाही. बिट नसताना ती इन्स्ट्रक्शन आली की प्रोसेसर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट उठवतो आणि कर्नल तुमच्या प्रोग्रामला सिग्सेगव्ही सिग्नल पाठवतो. पॉइंटर चुकल्यावर येतो तोच हा संदेश असल्यामुळं पुष्कळ जण नसलेला पॉइंटर शोधत बसतात.

आता आकडे का बदलतात ते. आजच्या प्रोसेसरवर आरडीटीएससी ठरावीक दरानं चालणारं घड्याळ वाचते, कोअरनं खरोखर किती सायकल खर्च केल्या ते नव्हे. टर्बोमुळं कोअरचा वेग वरखाली झाला तरी या घड्याळाचा दर बदलत नाही. /प्रोक/सीपीयूइन्फो मध्ये कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी हे दोन्ही फ्लॅग दिसले तर तुमचं मशीन याच प्रकारचं आहे. शिवाय प्रोसेसर इन्स्ट्रक्शन्स मागंपुढं करतो, त्यामुळं मोजायचा कोड मोजणीच्या बाहेर सांडतो. सुरुवातीला एलफेन्स (आधीचं काम संपेपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) आणि मग आरडीटीएससी, शेवटी आरडीटीएससीपी आणि मग एलफेन्स, असा क्रम ठेवा. टास्कसेट कमांडनं प्रोग्राम एकाच कोअरवर बांधा.

तुम्हाला खरी सायकल-संख्या किंवा इन्स्ट्रक्शन-संख्या हवी आहे, म्हणजे आरडीपीएमसीच हवी. तिची रीतसर वाट अशी आहे. पर्फ_इव्हेंट_ॲट्र हे स्ट्रक्चर आधी शून्यानं भरा. साइझमध्ये त्याचा आकार, टाइपमध्ये हार्डवेअर, कॉन्फिगमध्ये इन्स्ट्रक्शन्स किंवा सीपीयू सायकल्स घाला आणि एक्सक्लूड_कर्नल व एक्सक्लूड_एचव्ही दोन्ही १ करा. मग पर्फ_इव्हेंट_ओपन बोलवा: पीआयडी ०, सीपीयू उणे १, ग्रुप उणे १, फ्लॅग ०. ग्लिबसीमध्ये याचं तयार फंक्शन नाही, सिसकॉल हे सर्वसाधारण फंक्शन वापरावं लागतं. मिळालेल्या फाइल डिस्क्रिप्टरचं एक पान, म्हणजे ४०९६ बाइट, फक्त वाचण्यासाठी आणि शेअर्ड पद्धतीनं एममॅप करा, म्हणजे तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीत जोडून घ्या. लिनक्स ४.० पासून या एममॅपच्या क्षणीच तुमच्या प्रोसेससाठी पीसीई बिट लागतो. एममॅप न करता थेट आरडीपीएमसी लिहिली, म्हणूनच तुमचा प्रोग्राम पडला.

त्या पानावर कॅप_यूजर_आरडीपीएमसी हा बिट १ आहे का ते बघा. वाचन नेहमी लूपमध्ये करायचं. आधी लॉक हा आकडा टिपून ठेवा, कंपायलर बॅरियर घाला, मग इंडेक्स आणि ऑफसेट वाचा. इंडेक्स शून्य नसेल तर इंडेक्स उणे १ देऊन आरडीपीएमसी चालवा. आलेला आकडा पीएमसी_विड्थ इतक्या बिटांचा आहे असं धरून साइन-एक्स्टेंड करा आणि ऑफसेटमध्ये मिळवा. पुन्हा बॅरियर, आणि लॉक बदलला असेल तर सगळं पहिल्यापासून. हा लूप सोडू नका, कारण मधेच कर्नलनं तुमचा काउंटर दुसऱ्या जागी हलवला तर आकडा दुसऱ्याच मोजणीचा येईल आणि चूक कुठंच दिसणार नाही. इंडेक्स शून्य आला तर काउंटर त्या क्षणी प्रोसेसरवर चढलेला नाही. तेव्हा साध्या रीड कॉलनं वाचा. इंटेलच्या काही मोजण्यांचे काउंटर ठरलेले असतात आणि त्यांच्या क्रमांकात बिट ३० लावलेला असतो. कर्नल तो स्वतःच इंडेक्समध्ये घालून देतो, म्हणून काउंटरचा क्रमांक कधीही हातानं लिहू नये.

एवढं करूनही अडलं तर चार जागा तपासा. /प्रोक/सिस/कर्नल/पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड मध्ये २ किंवा त्याहून कमी आकडा असेल तर साधा यूजर स्वतःच्या प्रोग्रामची कर्नल वगळून मोजणी करू शकतो. उबंटू आणि डेबियन त्याहून वरचा आकडा ठेवतात, मग परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. आकडा २ वर आणा, किंवा लिनक्स ५.८ पासून मिळणारी कॅप_पर्फमॉन ही परवानगी सेटकॅप कमांडनं फक्त त्या प्रोग्रामला द्या. दुसरं, एनएमआय वॉचडॉग (अडकलेला कोअर ओळखणारा कर्नलचा पहारेकरी) एक काउंटर अडवून बसतो. मोजणीपुरता /प्रोक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग मध्ये ० लिहा. तिसरं, मोठे आणि छोटे अशा दोन जातींचे कोअर असलेल्या नव्या इंटेल मशीनवर एका जातीचा काउंटर दुसऱ्या जातीवर मोजत नाही, तिथं टास्कसेट लागतोच. चौथं, व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू चालवत असाल तर हार्डवेअर काउंटर मिळतील असं धरू नका. पर्फ स्टॅट कमांड सायकल्सपुढं 'नॉट सपोर्टेड' म्हणाली की वेळ न घालवता थेट मशीनवर बूट करा.

/सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हायसेस/सीपीयू/आरडीपीएमसी या फाइलमध्ये २ लिहिलं की सगळ्या प्रोसेसना आरडीपीएमसी मोकळी होते. हा सल्ला सगळीकडं दिला जातो, आम्ही तो देत नाही. दुसऱ्याच्या कामाचे काउंटर वाचून आतली गुपितं काढता येतात, आणि १ या नेहमीच्या मूल्यावर तुमचं काम पूर्ण होतं.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपात जुना सीएनसी राउटर, म्हणजे कापण्या-कोरण्याचं मशीन आहे, पॅरलल पोर्टवरून स्टेपर ड्रायव्हर चालतंय. डॉसवरचा टर्बो सीचा प्रोग्राम लिनक्सवर आणला. आउटबी लिहिली तिथंच सेगमेंटेशन फॉल्ट. रूटनं चालवलं तरी तेच. शिवाय सीएलआय वापरून इंटरप्ट बंद करायचे होते, ते पण जमेना. काय करू सांगा की.
– वर्कशॉपचालक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : रूट असणं आणि पोर्टची परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रूटचा प्रोग्रामही रिंग ३ मध्येच चालतो. प्रोसेसर प्रत्येक पोर्टसाठी एक बिट बघतो, ६५,५३६ पोर्टांचे मिळून ८ केबी. बिट मोकळा नसेल तर फॉल्ट. तो मोकळा करणारं फंक्शन आयओपर्म: पहिला पोर्ट हेक्स ३७८, संख्या ३, तिसरा आकडा १. डेटा, स्टेटस आणि कंट्रोल ही तीन रजिस्टरं त्यात येतात. ईपीपी मोड वापरत असाल तर संख्या ८ द्या. हे बोलवायला कॅप_सिस_रॉआयओ ही परवानगी लागते, रूटकडं ती असते. परवानगी थ्रेडपुरती असते, म्हणून ज्या थ्रेडमधून आउटबी चालवायची त्याच थ्रेडमध्ये आयओपर्म बोलवा आणि उत्तर शून्य आलं का ते तपासा.

टर्बो सीतून आलेल्यांची हमखास होणारी चूक म्हणजे क्रम. टर्बो सीच्या आउटपोर्टबीमध्ये आधी पोर्ट, मग मूल्य. लिनक्सच्या आउटबीमध्ये आधी मूल्य, मग पोर्ट. उलटं लिहिलं तर प्रोग्राम भलत्याच पोर्टवर लिहायला जातो आणि आयओपर्म बरोबर असूनही फॉल्ट येतो. तुमच्या बाबतीत हेच घडलं असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते.

कार्ड पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेसचं असेल तर पत्ता ३७८ नसतोच. एलएसपीसीआय उणे व्ही चालवून 'आय/ओ पोर्ट्स ॲट' या ओळीतला पत्ता घ्या. यूएसबीची पॅरलल वायर मात्र या कामाला निरुपयोगी, ती फक्त प्रिंटरसाठी. तिच्यामागं आय/ओ पोर्टच नसतो.

सीएलआयचं उत्तर स्पष्ट आहे: ती आता मिळणार नाही. पूर्वी आयओपीएल ३ मागितलं की पोर्टांसोबत इंटरप्ट बंद करायची सत्ताही मिळायची. लिनक्स ५.५ पासून आयओपीएल फक्त पोर्ट मोकळे करतं. सीएलआय आणि एसटीआय (इंटरप्ट पुन्हा चालू करणारी) यांचा परिणाम त्यानं होत नाही. हा बदल योग्य आहे. इंटरप्ट बंद करून प्रोग्राम अडकला तर तो कोअर कायमचा गेला, आणि कटर फिरत असताना ते परवडत नाही.

आयओपर्मऐवजी पीपीडेव्ह ड्रायव्हरचा विचार करा. /डेव्ह/पारपोर्ट० उघडायचं, पीपीक्लेम, मग पीपीडब्ल्यूडेटा. एलपी ग्रुपमध्ये नाव असलं की रूट लागत नाही. पोर्टवर एक बाइट लिहायलाच साधारण एक मायक्रोसेकंद जातो, त्यामुळं सिस्टिम कॉलची भर मोठी वाटत नाही.

खरी अडचण परवानगीची नाही, वेळेच्या डळमळीची आहे. पल्स उशिरा गेली की मोटर स्टेप चुकवते आणि जॉब वाया. लिनक्ससीएनसी हे अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर तयार असताना स्वतःचा पल्स लूप लिहू नये असं आमचं ठाम मत आहे. त्यातली लेटन्सी टेस्ट काही तास चालवा, सोबत ब्राउझर उघडा, मोठ्या फाइल कॉपी करा. सर्वांत मोठा जिटर, म्हणजे वेळेतली डळमळ, १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. ३० ते ५० वर काम चालतं, वेग थोडा कमी ठेवावा लागतो. १०० च्या वर गेला तर ते मशीन सॉफ्टवेअर स्टेपिंगला घेऊ नका. रिअल-टाइम कर्नल घालूनही अधूनमधून मोठी उसळी दिसत असेल तर मदरबोर्डचे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट संशयित असतात. ते कर्नलला थांबवता येत नाहीत. बायोसमध्ये पॉवर सेव्हिंग आणि यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघा, नाहीतर बोर्ड बदला. इमर्जन्सी स्टॉपची वायर मात्र थेट ड्रायव्हरच्या पॉवरवर हवी, प्रोग्रामच्या भरवशावर कधीच नको.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ वर सायकल काउंटर वाचायला गेलं की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येतं. एक कर्नल मॉड्यूल मिळालं, ते घातलं की चालतं, पण मधेच पुन्हा बंद पडतं.
– संगणक शिक्षक, चिकोडी

उत्तर : त्या मॉड्यूलनं पीएमयूझरईएनआर_ईएल० या रजिस्टरमधला परवानगीचा बिट परस्पर लावला. कर्नलला त्याचा पत्ता नाही. कोअर झोपून उठला किंवा कर्नलनं काउंटर पुन्हा मांडले की बिट जातो. मॉड्यूल काढून टाका. ६४ बिट कर्नल ५.१७ किंवा पुढचा असेल तर /प्रोक/सिस/कर्नल/पर्फ_यूजर_ॲक्सेस मध्ये १ लिहा आणि वरच्याच पर्फ_इव्हेंट_ओपनच्या वाटेनं जा. फक्त कॉन्फिग१ मध्ये २ घाला, ६४ बिटांचा काउंटर हवा असल्यास ३.

वर्गात फक्त वेळ मोजून दाखवायची असेल तर हा खटाटोप नको. सीएनटीव्हीसीटी_ईएल० कुठल्याही प्रोग्रामला वाचता येतं. पाय ४ वर ते ५४ मेगाहर्ट्झनं चालतं, म्हणजे एक टिक सुमारे १८.५ नॅनोसेकंद.

प्रश्न : रूट असूनही एमएसआर (प्रोसेसरच्या मॉडेलनुसार असणारी खास रजिस्टरं) लिहिणारी डब्ल्यूआरएमएसआर कमांड 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणते. प्रीफेचर, म्हणजे लागणारा डेटा आधीच आणून ठेवणारे भाग, बंद करून बघायचे होते. /डेव्ह/सीपीयू/०/एमएसआर ला चमोड ६६६ केलं तरी फरक नाही.
– निपाणी

उत्तर : सिक्युअर बूट चालू असेल तर बरीच डिस्ट्रिब्युशन्स कर्नलला लॉकडाउनमध्ये टाकतात, आणि त्यात एमएसआरवर लिहिणं रूटलाही बंद असतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तशी ओळ सापडेल. प्रयोगाच्या मशीनवर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा. लिनक्स ५.९ पासून अशा लिहिण्याची नोंद डीमेसेजमध्ये येते, आणि एमएसआर.अलाउ_राइट्स हे बूट पॅरामीटर ऑफ असेल तर लिहिणं पूर्ण बंद असतं. इंटेलच्या अनेक कोअर प्रोसेसरांवर प्रीफेचरचं रजिस्टर हेक्स १ए४ असतं, खालचे चार बिट चार प्रीफेचरांचे, १ म्हणजे बंद. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल आधी बघा आणि जुनं मूल्य लिहून ठेवा.

चमोड ताबडतोब मागं घ्या. फाइल उघडताना कर्नल कॅप_सिस_रॉआयओ तपासतो म्हणून तुम्ही बचावलात. सिस्टिम कॉल कुठल्या पत्त्यावर जायचा तो पत्तादेखील एमएसआरमध्येच असतो. तिथं लिहिता येणारा माणूस अख्ख्या कर्नलचा मालक होतो. तापमान हवं तर कोअरटेम्प ड्रायव्हर आणि सेन्सर्स कमांड, विजेचा खप हवा तर /सिस/क्लास/पॉवरकॅप खालची एनर्जी_यूजे फाइल. ही दुसरी फाइलही २०२० पासून फक्त रूटला वाचता येते, कारण खपाच्या बारीक चढउतारांवरून गुप्त किल्ल्या काढण्याचा हल्ला तेव्हा दाखवला गेला.

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर सीपीयूइन्फो एएमएक्स_टाइल (मॅट्रिक्स गणिताची सोय) दाखवतं, पण पहिलीच टाइल लोड सिग्इल, म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा सिग्नल, देते.
– अथणी

उत्तर : परवानगी मागावी लागते. आर्क_पीआरसीटीएल हा सिस्टिम कॉल एआरसीएच_आरईक्यू_एक्सकॉम्प_पर्म, म्हणजे हेक्स १०२३, आणि टाइलच्या डेटाचा क्रमांक १८ हे दोन आकडे देऊन एकदा बोलवा, थ्रेड सुरू करण्याआधी. कर्नल ५.१६ किंवा पुढचा हवा. टाइलचा डेटा ८ केबी असतो, आणि मागितल्याशिवाय प्रत्येक प्रोसेससाठी तेवढी जागा अडवणं कर्नलला मान्य नाही. सिग्नलसाठी वेगळा स्टॅक ठेवला असेल आणि तो लहान असेल तर ही मागणीच फेटाळली जाते.

प्रश्न : आमच्या सर्व्हर प्रोग्रामच्या मेमरीत डिजिटल सहीच्या किल्ल्या असतात. त्या फक्त सहीच्या फंक्शनलाच दिसाव्यात. प्रत्येक वेळी एमप्रोटेक्ट (मेमरीच्या पानांची परवानगी बदलणारा सिस्टिम कॉल) केलं तर वेग मरतो.
– सॉफ्टवेअर व्यावसायिक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : प्रोटेक्शन की वापरा. सीपीयूइन्फोमध्ये पीकेयू आणि ओएसपीकेई दोन्ही फ्लॅग हवेत. नुसता पहिला असेल तर प्रोसेसरला सोय आहे पण कर्नलनं ती चालू केलेली नाही. पीकी_ॲलॉकनं की घ्या, एममॅपनं घेतलेल्या वेगळ्या पानांना पीकी_एमप्रोटेक्टनं ती लावा. एकूण १६ की, त्यातली ० सर्वसाधारण मेमरीची. पुढं उघडझाप पीकी_सेटनं होते. ते पीकेआरयू रजिस्टर थेट बदलतं, कर्नलपर्यंत जातच नाही, म्हणून एमप्रोटेक्टपेक्षा कितीतरी स्वस्त.

फसण्याच्या जागा सांगतो. पीकेआरयू प्रत्येक थ्रेडचं वेगळं असतं. सिग्नल हँडलर चालू होताना ते मूळ स्थितीला जातं आणि तिथं तुमची की बंद असते, हँडलरनं किल्ल्यांना हात लावला की पडला. पीकी_फ्री केल्यानं पानांवरचा शिक्का जात नाही. तोच क्रमांक पुन्हा वाटला गेला तर जुनी पानं नव्या मालकाला उघडी. आणि हे संरक्षण चुकलेल्या पॉइंटरपासून, बफरच्या पलीकडं वाचणाऱ्या बगपासून आहे. तुमच्या प्रोसेसमध्ये स्वतःचा कोड चालवू शकणारा हल्लेखोर पीकेआरयू बदलणारी डब्ल्यूआरपीकेआरयू इन्स्ट्रक्शन स्वतःच चालवेल. ती भीती असेल तर सही करणारा भाग वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी साध्या प्रोग्रामला स्वतःचं पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) आणि पेज फॉल्ट थेट हाताळू द्यायचे आहेत. डून या प्रणालीबद्दल वाचलं. ती आज वापरता येईल का?
– विद्यार्थी गट, हल्याळ

उत्तर : डून ही २०१२ मध्ये स्टॅनफर्डहून आलेली. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आख्ख्या मशीनसाठी न वापरता एका प्रोसेससाठी वापरायची, ही तिची कल्पना आम्हाला आजही फार मोलाची वाटते. प्रोसेस पाहुण्याच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, सर्वाधिक अधिकाराच्या रिंग ० मध्ये चालते, पेज टेबलाचा पत्ता ठेवणारं सीआर३ आणि फॉल्टचं टेबल तिच्या हातात, पण खरी मेमरी दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलानं बांधलेली, त्यामुळं ती कर्नलला धक्का लावू शकत नाही. लिनक्सचे सिस्टिम कॉल व्हीएमकॉलनं मागता येतात. बदल्यात टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची जवळची साठवण) चुकला की महाग पडतं: चार पातळ्यांच्या टेबलात चारऐवजी चोवीसपर्यंत वाचनं होऊ शकतात.

ते मॉड्यूल त्या काळच्या कर्नलसाठी लिहिलेलं आहे. आजच्या कर्नलवर ते बसवण्यात सेमिस्टर घालवू नका, /डेव्ह/केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवरून तीच कल्पना उभी करा. सीपीयूइन्फोत व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम फ्लॅग असावा, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं आणि यूजर केव्हीएम ग्रुपमध्ये असावा. क्रिएट_व्हीएम, सेट_यूजर_मेमरी_रीजन, क्रिएट_व्हीसीपीयू, सेट_एसरेग्ज, सेट_रेग्ज, रन, या क्रमानं जा. पेज टेबल सुरुवातीला २ एमबीच्या पानांचं करा, म्हणजे तीन टेबलांत भागतं. ६४ बिट मोडसाठी सीआर४ मध्ये पीएई, ईएफईआर मध्ये हेक्स ५००, सीआर० मध्ये पीई आणि पीजी, कोड सेगमेंटमध्ये एल १ आणि डीबी ०.

रनमधून परत येताना एक्झिटचं कारण वाचा. ५ म्हणजे एचएलटी, पहिला प्रोग्राम इथंच थांबला पाहिजे. ८ म्हणजे शटडाउन: फॉल्ट आला, तो हाताळताना दुसरा, मग तिसरा. पेज टेबलात प्रेझेंट बिट लावायचा राहिला असेल किंवा आयडीटी, म्हणजे फॉल्टचं टेबल, मांडलेलीच नसेल. ९ म्हणजे रजिस्टरांची मांडणीच प्रोसेसरला अमान्य, त्यात आधी आरफ्लॅग्ज बघा. त्याचा बिट १ कायम लावलेला हवा, म्हणजे सुरुवातीचं मूल्य ० नव्हे, २. सी मध्ये लिहिलेला पाहुणा कोड विनाकारण पडत असेल तर कंपायलरनं त्यात एसएसई या खास रजिस्टरांच्या इन्स्ट्रक्शन्स घातलेल्या असतात. सीआर४ चा बिट ९ लावा, नाहीतर एसएसई बंद ठेवून कंपाइल करा. हे चालल्यावर पेज फॉल्टचा हँडलर म्हणजे आयडीटीतली १४ क्रमांकाची नोंद लिहायला घ्या. पत्ता सीआर२ मध्ये मिळतो, आणि परतण्याआधी स्टॅकवरचा ८ बाइटांचा एरर कोड काढायचा असतो.